बाल न्याय मंडळातली सरकारी वकील: कोल्हापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात ज्युनिअर वकील विचारतात, गावाकडच्या लग्नात पाव्हणे विचारतात, आणि मंडळाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आया तर रोजच विचारतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे. मी कोल्हापुरात बाल न्याय मंडळासमोर सरकार पक्षातर्फे उभी राहते. खाली जी प्रकरणं सांगितली आहेत त्यांतलं गाव, वय, वस्तू असं काही ना काही बदललेलं आहे. कुठल्याही मुलाला ओळखता येऊ नये म्हणून.

तुमचं काम म्हणजे पोरांना शिक्षा लावायचं ना?

पुरावा मंडळासमोर नीट मांडायचा, हे माझं काम. पोलिसांनी आणलेले कागद तपासायचे, साक्षीदार वेळेवर हजर राहतील असं बघायचं, ज्याचं नुकसान झालं त्याचं म्हणणं मंडळापर्यंत पोचवायचं. त्यासोबत मुलाच्या बाजूचा कागद माझ्या हाती आला, तर तोही लपवायचा नाही. सरकारी वकील कुठल्याही कोर्टात असला तरी हे त्याला लागू आहेच. इथं ते जास्त जाणवतं, कारण समोर बसलेल्याला अजून मिसरूडसुद्धा फुटलेलं नसतं.

बाल न्याय अधिनियम, 2015 हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्याच्या पहिल्याच तत्त्वात म्हटलंय की, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नव्हता असं धरून चालायचं. म्हणजे माझी सुरुवात त्या गृहीतापासून होते आणि तिथून मला पुराव्याच्या आधारे पुढं जायचं असतं.

'बालगुन्हेगार' म्हटलं तर तुम्ही दुरुस्त का करता?

कायद्यातला शब्द 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा आहे. उच्चारायला जड आहे, मान्य. पण 'आरोपी', 'अटक', 'आरोपपत्र' हे शब्द मुलांच्या बाबतीत वापरायचे नाहीत, हे कायद्यानंच सांगितलंय. मुलाला 'ताब्यात घेतात'.

सुरुवातीच्या दिवसांत सवयीनं माझ्या तोंडून 'आरोपी क्रमांक दोन' असं गेलं होतं. तो मुलगा मागं वळून बघायला लागला, की हा दोन नंबरचा कोण? मग त्याच्या लक्षात आलं. त्या दिवशी पुढचा सगळा वेळ त्यानं मान वर केली नाही. तेव्हापासून मी नाव घेऊन बोलते.

आपल्या कोल्हापूरला तर हे नव्यानं शिकवायला नको. याच संस्थानात शाहू महाराजांनी जातीवरून गुन्हेगार ठरवून घेतली जाणारी हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना सोनतळीच्या कॅम्पावर विश्वासानं कामाला ठेवलं. शिक्का पुसल्यावर माणूस कसा वागतो, हे इथं शंभर वर्षांपूर्वी बघून झालंय.

मंडळ म्हणजे कोर्टच की?

अधिकार कोर्टाचे, बसणं वेगळं. एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असे तिघं असतात. त्या दोघांत किमान एक महिला असावी लागते. उंच ओटा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो, पोलीस साध्या कपड्यात येतात. बेडी घालायची नसते. मुलाला पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून 24 तासांत मंडळासमोर आणावं लागतं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. मंडळ बसलेलं नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोर आणलं तरी चालतं.

एकदा एका पोलीस ठाण्यानं मुलाला भर बाजारातून चालवत आणलं. बरोबरचे दोघं अंगावर वर्दी असलेले. तो पोरगा मंडळासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या वर्गातल्या तिघांनी त्याला वाटेत बघितलेलं होतं. सरकार पक्षाची असूनही मी ते मंडळाच्या नजरेला आणून दिलं. काही दिवस त्या ठाण्यातले लोक माझ्याशी तुटक बोलत होते.

पोरगं अठराच्या आतलं आहे हे ठरवतं कोण? शाळेची तारीख तर खोटी असते.

सगळ्यात जास्त वाद इथंच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वय बघायचं ते घटना घडली त्या दिवसाचं. ताब्यात घेतलं तेव्हाचं किंवा निकालाच्या दिवसाचं वय उपयोगाचं नाही. वय ठरवताना आधी शाळेनं दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांतलं काहीच मिळालं नाही तरच वैद्यकीय तपासणी. मंडळानं तसा आदेश दिला की ती पंधरा दिवसांत व्हायला हवी. हाडांवरून येणारा अंदाज एक-दोन वर्षं इकडंतिकडं होऊ शकतो, त्यामुळं तो शेवटचा उपाय.

आता आपल्याकडची खरी अडचण. शिक्षकांनी पट भरण्यासाठी लावलेली 1 जून ही जन्मतारीख. आमच्यापुढं येणाऱ्या कागदांत 1 जूनला जन्मलेली मुलं इतकी असतात की एखाद्याची तारीख 14 ऑगस्ट दिसली तर बरं वाटतं. समजा भांडण 28 मेला झालं आणि शाळेच्या हिशेबानं मुलगा 1 जूनला अठराचा होतो. फिर्यादी म्हणतो, तारीख खोटी आहे, तो आदल्या दिवाळीतला आहे. मुलाची आजी म्हणते, पोरगं दिवाळीतच झालं, पण पुढच्या वर्षीच्या. अशा वेळी मी काय करते? मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर घेऊन बोलावते. मूळ रजिस्टर हातात आलं की शाई, खाडाखोड, वरच्या-खालच्या नोंदी बघता येतात. प्रवेशाच्या वेळी कुणी काय कागद दिला होता तेही कळतं. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुणी विसंबू नये. युवाप्रकाश प्रकरणात 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं बदली दाखला हा या कायद्याला अपेक्षित असलेला पुरावा नव्हे असं म्हटलेलं आहे.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली मुलं असली की आणखी पंचाईत. जन्म एका जिल्ह्यात, दोन वर्षं शाळा दुसऱ्या, मग थेट फड. दाखला कुठंच नाही. असा मुलगा सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी जातो आणि अहवालात 'सतरा ते एकोणीस' असं येतं. संशयाचा फायदा मुलाला, हे माझं ठाम मत आहे आणि मी तसंच बोलते. एखादा थोराड मुलगा मंडळात सुटला म्हणून फार बिघडत नाही; सतराचं पोरगं कळंब्याच्या तुरुंगात गेलं तर ते नुकसान परत भरून येत नाही. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी खटला संपल्यानंतरही काढता येतो.

कोयत्यानं वार केले तरी ते 'निर्घृण' नाही? हे कसं?

कायद्यानं तीन कप्पे केलेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले अपराध किरकोळ. त्यावरचे गंभीर. आणि ज्यांना *किमान* शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे ते निर्घृण, पोलीस ज्याला 'हिनियस' म्हणतात. गोंधळ 'किमान' या शब्दामुळं होतो.

खून आणि बलात्कार निर्घृणमध्ये येतात. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण त्या मुख्य अपराधाला सात वर्षांची किमान मर्यादा नाही, म्हणून तो गंभीर. शिल्पा मित्तल प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं आणि पुढं 2021 च्या दुरुस्तीनं कायद्यातच ते लिहिलं गेलं. दुसरं टोक बघा: भारतीय न्याय संहितेत साधी चोरी आणि हिसकावणं या दोन्हींना कमाल तीन वर्षं. म्हणजे मोटरसायकल चोरली किंवा गळ्यातली चेन ओढली, तरी मंडळाच्या लेखी ते किरकोळ. ज्या बाईच्या गळ्याला ओरखडे आलेत तिला हा शब्द ऐकवताना मला अवघड होतं. मी 'किरकोळ' म्हणत नाही, 'लवकर चालवायचं प्रकरण' म्हणते.

जामिनाला विरोध करता का?

क्वचित. मुलाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हा भेदच नाही. सुटका हा नियम. अडवायचं तर तीनच कारणं आहेत: बाहेर जाऊन तो माहितीतल्या गुन्हेगाराच्या संगतीत पडेल, त्याच्या स्वतःच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. 'गुन्हा फार मोठा आहे' हे कारण त्यात नाही. फिर्यादीच्या घरचे लोक याच मुद्द्यावर माझ्यावर चिडतात.

विरोध करायचा तर मी कागद मागते. कुणाबरोबर फिरतो, घरी कोण आहे, त्या भागात दुसऱ्या गटाकडून बदल्याची भीती आहे का? गल्लीतल्या दोन तरुण मंडळांच्या वैरातून झालेल्या मारामारीत एकदा मी जामिनाला विरोध केला, तो मुलगा बाहेर सुरक्षित राहिला नसता म्हणून. त्याच्या वडिलांनी बाहेर येऊन हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, आमाला तेच पायजे होतं, पण तोंडानं कसं म्हणायचं?"

सोळा-सतराचा असेल तर मोठ्या माणसासारखा खटला चालतो म्हणे?

आपोआप नाही. अपराध निर्घृण आणि घटनेच्या दिवशी वय सोळा पूर्ण, या दोन्ही गोष्टी असतील तर कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होतं. हे करायची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, आणि घटना कोणत्या परिस्थितीत घडली, एवढंच मंडळ बघतं. गुन्हा केला की नाही हे तिथं ठरवायचं नसतं. मूल्यांकनासाठी तीन महिने दिलेत. ती मुदत निर्देशात्मक आहे, पाळली नाही म्हणून प्रकरण कोसळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2024 मध्ये सांगितलं. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, हेही 2022 साली ठरलं.

या टप्प्यावर सरकारी वकिलाला एक मोह होतो. फोटो दाखवायचे, जखमा मोजून सांगायच्या, मंडळाला हलवून सोडायचं. मी ते टाळते. घटना किती भयंकर होती यावरून मुलाची समज किती होती हे कळत नाही. मी विचारते त्या गोष्टी साध्या असतात. हत्यार त्यानं आधी आणून ठेवलं होतं की हाताला लागलं ते उचललं? नंतर तो कुठं गेला? मोबाइलवरचं बोलणं काय सांगतं? एका मुलानं घटनेनंतर शर्ट धुतला नव्हता, तसाच घालून आत्याकडं जेवायला बसला होता. ते वाक्य तज्ज्ञांनी अहवालात अधोरेखित केलं होतं.

मंडळानं प्रकरण बाल न्यायालयाकडं, म्हणजे मंडळाच्या वरच्या, मुलांच्या प्रकरणांसाठीच्या न्यायालयाकडं पाठवलं तरी ते न्यायालय पुन्हा स्वतः तपासतं. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप कुठल्याही स्थितीत देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थानी ठेवतात, नंतर त्याच्यात झालेला बदल बघून पुढचं ठरतं.

पुण्यातल्या मे 2024 च्या पोर्शे अपघातानंतर महिनाभर मला दुसरा प्रश्नच कुणी विचारला नाही. गाडी चालवणाऱ्या मुलाला जामिनाची अट म्हणून सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध सगळ्यांच्या तोंडी होता. लोकांचा राग मला समजतो. दोन जीव गेले होते. पण सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा नाही, आणि तिथल्या मंडळानं जुलै 2025 मध्ये त्या मुलाचं प्रकरण बालक म्हणूनच चालेल असं ठरवलं. कायदा आवडत नसेल तर तो संसदेत बदलावा लागतो, मंडळासमोर ओरडून बदलत नाही.

पळून गेलेल्या पोरापोरीच्या केसमध्ये तुम्ही काय करता?

याचं उत्तर देताना मला अजूनही त्रास होतो. मुलगी सोळाची, मुलगा सतराचा, दोघं एकाच कॉलेजात अकरावी-बारावीला. जोतिबाला जातो सांगून निघाले, चार दिवसांनी सापडले. मुलीच्या वडिलांची फिर्याद. पोक्सोमध्ये संमतीचं वय अठरा आणि अशा अपराधाला किमान दहा वर्षं. मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. म्हणजे प्रकरण थेट निर्घृणच्या कप्प्यात.

माझ्या हातात खटला सोडून देणं नाही. मुलीनं दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब मात्र मी पूर्ण वाचून दाखवते, त्यातलं सोयीचं तेवढं नाही. आणि प्रत्येक पळालेल्या जोडीला 'प्रेमप्रकरण' म्हणून खांदे उडवणाऱ्यांनाही मी थांबवते. अशाच एका कागदात मुलीच्या जबाबाच्या शेवटच्या ओळीत होतं, की दुसऱ्या दिवशीच तिला घरी यायचं होतं आणि तिचा मोबाइल त्यानं काढून घेतला होता. घाईनं वाचलं असतं तर ते सुटलं असतं.

चार महिन्यांत निकाल लागतो का खरंच?

कायदा म्हणतो, मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिने, कारण नोंदवून आणखी दोन. किरकोळ प्रकरण या सहा महिन्यांत संपलं नाही तर ते तिथंच बंद होतं. गंभीर आणि निर्घृण प्रकरणांत मुख्य न्यायदंडाधिकारी मुदत वाढवून देऊ शकतात.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. एक आज्जी रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला आल्या होत्या. गळ्यातलं ओढून दोघं मुलं गाडीवरून पळाली. मणी सगळे चौपाटीच्या फरशीवर पसरले. आज्जी खाली बसून मणी गोळा करत राहिल्या, आरडाओरडा केला नाही. प्रकरण उभं राहिलं. त्या प्रत्येक तारखेला केएमटीनं यायच्या, पदराला तिकीट बांधलेलं असायचं. पंचांना समन्स जायचं, 'पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा येऊन परत यायचं. जुना पत्ता होता. मी दोन तारखा पोलिसांच्या भरवशावर घालवल्या. तिसऱ्यांदा स्वतः फोन लावला, तर पंच तिथून दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेलेला. तोवर उशीर झाला होता. मुदत संपली, प्रकरण बंद झालं.

आज्जींना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यानं नेलं न्हाई का काय?" मला उत्तर देता आलं नाही. आणि त्या दोघांतल्या ज्यानं गळ्यातलं ओढलं, त्या मुलाला तरी काय मिळालं? समुपदेशन नाही, देखरेख नाही, 'काही होत नाही' एवढंच तो शिकून गेला. तो पुन्हा आला, वर्षभरानं, दुसऱ्या प्रकरणात.

आता पहिल्या तारखेलाच मी साक्षीदारांचे चालू मोबाइल नंबर आणि राहता पत्ता घेते, त्याची वही वेगळी. तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करते. सोळाव्या वर्षाच्या चुकीवर विसाव्या वर्षी निर्णय आला तर तो मुलाला लागू पडत नाही. तोवर तो वेगळाच माणूस झालेला असतो. म्हणून या कामात कायद्याच्या अभ्यासाइतकाच वेळ मी कॅलेंडरला देते.

नुकसान झालेल्याचं कुणी ऐकतं का? सगळं पोराच्याच बाजूचं दिसतं.

ऐकवणं हे माझं काम आहे, आणि तुमची तक्रार खोटी नाही. कायदा मुलाभोवती बांधलेला आहे. तरी फिर्यादीला स्वतःचा वकील माझ्या मदतीला देता येतो. लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. मुद्देमाल परत मिळवायचा अर्ज लवकर करा. आणि मुलाशी समोरासमोर बोलायची तुमची इच्छा असेल तर मला सांगा. कधीकधी मंडळ तशी बैठक घडवतं. एका रिक्षावाल्या काकांनी फोडलेल्या काचेबद्दल एवढंच विचारलं, "माझीच गाडी का रं?" मुलगा म्हणाला, "कुणाची हाय बगितलंच न्हाई." काकांना ते पुरलं.

मोठे लोक पोरांना पुढं करून नामानिराळे राहतात, त्यांचं काय?

हा प्रश्न जितका विचारला जावा तितका विचारला जात नाही. 'तू अठराच्या आत आहेस, तुला काय होत नाही' असं सांगून कोयता किंवा गांजाची पुडी पोराच्या हातात देणारा कुणी तरी असतोच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 प्रमाणं मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं शिक्षा आहे. मुलानं तो गुन्हा केला तर वापरणाऱ्यानंच केला असं धरलं जातं. बाल न्याय कायद्याच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. मुलांकडून दारू किंवा अमली पदार्थ विकून घेणाऱ्याला वेगळं कलम 78 आहे.

कलमं आहेत, पण ती लावावी लागतात. कागद हातात आला की मी तपास अधिकाऱ्याला विचारते: गाडी कुणाची, पेट्रोल कुणी भरलं, वाढदिवसाला तलवारीनं केक कापला तो कुणाचा, त्या रीलमध्ये मागं उभा कोण? मुलगा सोडून मोठ्या माणसाकडं बोट जायला लागलं की तपास थंडावतो, हे मी बघितलंय आणि त्याबद्दल लेखी विचारणा करायला मी कचरत नाही.

मूल आणि सज्ञान माणूस एकाच घटनेत असले तरी खटले एकत्र चालत नाहीत. त्यामुळं साक्षीदारांना दोनदा यावं लागतं. हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दहावीतल्या पोराला गाडी दिली, अपघात झाला, तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ प्रमाणं पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

मग शेवटी शिक्षा काय होते?

समज देऊन घरी पाठवणं, गटसमुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर देखरेखीखाली सोडणं, आणि शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. यातलं काय द्यायचं हे परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) सामाजिक तपासणी अहवालावर फार अवलंबून असतं. तो पंधरा दिवसांत यायला हवा. 'आर्थिक परिस्थिती बेताची, संगत वाईट' अशा दोन ओळींत उरकलेला अहवाल आला तर मी स्वतः मंडळाला विनंती करते, की पुन्हा घरी जाऊन भेट द्यावी.

भरतीत अडचण येईल का?

हा प्रश्न शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडच्या आया विचारतात. सैनिक टाकळीसारख्या गावांचा हा जिल्हा. पोरं पहाटे चारला उठून धावतात. एक आई तर निकालाच्या आधी, जामिनाच्याही आधी, हेच विचारत होती.

बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं, की या कायद्याखाली झालेल्या निर्णयामुळं मुलाला कुठलीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा पूर्ण झालेल्या मुलाचं प्रकरण बाल न्यायालयात मोठ्यांसारखं चाललं आणि त्यात दोषी ठरला, तर मात्र हे संरक्षण नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या निवडीच्या एका प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं, बालवयातल्या जुन्या प्रकरणावरून उमेदवाराला नाकारता येत नाही असं स्पष्ट केलं. प्रत्यक्षात चारित्र्य पडताळणीच्या वेळी ठाण्यातलं जुनं रजिस्टर बोलतंच. तसं झालं तर मंडळाच्या आदेशाची प्रत घेऊन विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, गप्प बसू नका.

निकाल मान्य नसेल तर मुंबईला जावं लागतं का?

मंडळाच्या आदेशावर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील. कलम 15 च्या आदेशावर सत्र न्यायालयात. निर्घृण सोडून इतर प्रकरणांत मंडळानं मुलाला निर्दोष ठरवलं तर त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात जायचं झालं तर आता मुंबई गाठायला नको: 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. चाळीस वर्षांच्या मागणीचं फळ. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून जायचं नि एका तारखेसाठी हजारो घालवायचे, हे हातावर पोट असलेल्या आईबापांना जमत नसायचं. ते अपीलच करत नसत.

पेपरात, स्टेटसला फोटो टाकला तर?

नाव, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित मुलाची ओळख उघड करण्यालाही हेच लागू आहे. तालमीच्या ग्रुपवर आलेला फोटो पुढं ढकलणाराही यात सापडू शकतो.

मला हे काम करायचं आहे. कसं येता येईल?

सहायक सरकारी अभियोक्ता, गट-अ हे पद. भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत. कायद्याची पदवी, वकिलीचा अनुभव, लेखी परीक्षा आणि मुलाखत. नेमकी पात्रता त्या-त्या वेळच्या जाहिरातीत बघावी. नेमणूक झाल्यावर दंडाधिकारी न्यायालयं आणि बाल न्याय मंडळ यांचं काम वाटून येतं.

परीक्षेची तयारी करत असाल तर माझा आग्रह एकच आहे. आठवड्यातून एक दिवस विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात जा, किंवा समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर गृहभेटीला जा. राजेंद्रनगर असो, इचलकरंजीतली यंत्रमाग कामगारांची वस्ती असो, उंबऱ्यावर बसून चहा घेतल्याशिवाय अहवालातलं 'पालकांचं दुर्लक्ष' हे वाक्य नीट वाचता येत नाही. दोन पाळ्यांत काम करणारे आईबाप पोराकडं कधी लक्ष देणार? उलटतपासाची धार मात्र इथं मुलावर वापरायची नाही. मला ती सवय मोडायला वर्ष लागलं.

घरी गेल्यावर डोक्यातून जातं का?

काही जात नाहीत. निरीक्षणगृहाच्या दारात एका मुलानं मला विचारलं होतं, "मॅडम, तुमी माज्याकडनं हाय का त्यांच्याकडनं?" मी म्हटलं, सरकारकडनं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग माज्याकडनं बी हाय की." त्याच्या प्रकरणात पुरावा पक्का होता, मी तो मांडला, आणि मंडळानं त्याला दीड वर्षासाठी देखरेखीखाली सोडलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मंडळासमोर येताना काय आणायचं?

मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, मूळ आणि दोन झेरॉक्स. आई-वडिलांपैकी निदान एकानं यायचं. चुलत्याला पाठवू नका. औषधं चालू असतील तर चिठ्ठी. वकील परवडत नसेल तर तसं सांगा, मोफत वकील देणं ही मंडळाची जबाबदारी आहे. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी बदलून मिळतात. आणि दहावी-बारावीचं हॉल तिकीट आलं असेल तर तेही आणा. पेपर असेल त्या दिवशी तारीख पडणार नाही एवढं मी स्वतः बघते.